जाड सेरिफ अक्षर कसे निवडावे आणि छापून घ्यावे : गोव्यात पहिल्यांदाच फलक, पत्रिका किंवा स्मरणिका करणाऱ्यांसाठी

देवस्थानाच्या जत्रेची पत्रिका, चवथीच्या मंडळाची स्मरणिका, उत्सवी नाटकाचा फलक, नव्या खानावळीची पाटी. गोव्यात ही कामे बहुधा समितीतल्या एखाद्या संगणक येणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या गळ्यात पडतात. मजकूर अध्यक्ष देतात, जाहिरातदारांची यादी खजिनदार देतात आणि अक्षरांबद्दल सूचना येते ती एवढीच : ‘जरा जाड घे, जुन्या वळणाचे, भारदस्त दिसले पाहिजे.’ हे भारदस्त अक्षर म्हणजे बहुतेक वेळा जाड सेरिफ, म्हणजे दांड्याच्या टोकाला छोटी आडवी पट्टी असलेले जाड अक्षर. ते कुठून आणायचे, देवनागरीशी कसे जुळवायचे, छापखान्यात कोणत्या रूपात द्यायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. अंत्रुज महालातल्या देवळांसाठी आणि नाट्यमंडळांसाठी ही कामे करताना मला जे कळत गेले, ते क्रमाने मांडते.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. जाड सेरिफ अक्षर बिघडते ते बारीक रेघेपाशी. जाड रेघ कुठेही टिकते. बारीक रेघ पुसली गेली, शाईने भरली किंवा सोलली गेली की अक्षराचा ठोकळा होतो. खालच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारायचे : इथे बारीक रेघ टिकेल का?

सुरू करण्याआधी जवळ काय हवे

- मंजूर झालेला अंतिम मजकूर, युनिकोडमध्ये टंकलेला. श्रीलिपी किंवा आकृती या युनिकोडआधीच्या जुन्या टंकपद्धतींतला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून एकदा पूर्ण वाचा. बदलताना जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.
- जिथे फलक लागणार त्या जागेची मापे आणि एक फोटो. फोटोत कुणाला तरी जागेशेजारी उभे करा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो.
- टंकाची (फॉन्टची) फाइल आणि त्याच्या परवान्याची फाइल. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये.
- इंकस्केप, स्क्रायबस किंवा तुम्हाला येत असलेले दुसरे कोणतेही मांडणीचे सॉफ्टवेअर. पहिली दोन फुकट मिळतात आणि नव्या आवृत्त्यांत देवनागरी नीट मांडतात.
- मोजपट्टी आणि भिंग. चेष्टा नाही, भिंग खरोखर लागते.
- फलक रस्त्यालगत असेल तर पंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी. हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

१. आधी जागा आणि अंतर ठरवा

टंकाची यादी उघडून बसण्याआधी हे ठरवा : वाचणारा किती लांब असेल, चालत असेल की गाडीत? पाटी रंगवणारे एक ढोबळ माप वापरतात, ते उपयोगी आहे. आरामात वाचायचे असेल तर दर ३ मीटर अंतराला अक्षराची उंची २५ मिलीमीटर हवी. म्हणजे ३० मीटरवरून वाचायच्या फलकावर अक्षर २५ सेंटीमीटर उंच हवे.

देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून पायथ्यापर्यंत मोजायची. वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार यांना वेगळी जागा लागते. १० फूट बाय ४ फूट फ्लेक्सचे उदाहरण घ्या. अक्षराचे अंग १० इंच ठेवले, तर वरखालच्या चिन्हांसकट एका ओळीला जवळपास दीड फूट जातो. अशा दोनच ओळी बसतात आणि उरलेल्या फुटात तारीख, वेळ, स्थळ. समितीला नाटकाचे नाव, नाटककार, दिग्दर्शक, सगळे कलाकार, चौदा प्रायोजक आणि शुभेच्छुकांचे फोटो एकाच फलकावर हवे असतात. तेव्हा हा हिशेब कागदावर करून दाखवा. तोंडी वादापेक्षा तो लवकर पटतो.

२. अक्षर न्याहाळायला शिका

रोमन अक्षराच्या दांड्याच्या टोकाला जी आडवी छोटी पट्टी असते ती सेरिफ. ही पट्टी दांड्याला कशी मिळते ते पाहा. काही टंकांत ती वळण घेत दांड्यात मुरते, काहींत काटकोनात येऊन भिडते. दुसरी गोष्ट, जाड आणि बारीक रेघांतला फरक. तिसरी, अक्षराच्या पोटातली मोकळी जागा. अक्षर जाड करायचे म्हणजे सगळीकडून सारखे फुगवायचे असे नसते. चांगला टंककार उभ्या दांड्यांना जास्त वजन देतो, आडव्या रेघांना कमी, अक्षर थोडे रुंद करतो आणि पोट बंद होऊ नये म्हणून जोडाच्या ठिकाणी रेघ निमुळती ठेवतो. म्हणून जाड रूप हे वेगळे आखलेले रूप असते. टाइम्स न्यू रोमनचे जाड रूप साध्या रूपाशेजारी मोठे करून पाहा. वळणाचा कललेला तोल जाऊन तो सरळ उभा झालेला दिसेल. १९३२ मध्ये लंडनच्या टाइम्स दैनिकासाठी हा टंक आला, तेव्हापासून तो आपल्या सगळ्यांच्या नजरेखालून गेला आहे, पण हा फरक सहसा लक्षात येत नाही.

डोळा तयार करायला गोव्यासारखी जागा नाही. जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची जमीन थडग्यांच्या शिळांनी भरलेली आहे. घराण्यांची चिन्हे आणि खाली रोमन मोठी अक्षरे. कोरीव अक्षरात बारीक रेघ उथळ असते, म्हणून झिजताना ती आधी जाते. ते तिथे वाकून पाहा. पणजीत फोंतेन्यासमध्ये फिरताना घरांच्या नावांच्या आणि रस्त्यांच्या निळ्या-पांढऱ्या फरशा पाहा. तिथे ब्रशने काढलेले सेरिफ आहे, टोके जरा गोलसर. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी छापील पाने पाहायला मिळतात. १८३२ साली सुरू झालेले हे ग्रंथालय आहे. भिंग तिथेच कामी येते. खिळ्यांनी छापलेल्या पानावर शाई रेघेच्या कडेने किंचित पसरते आणि बारीक रेघ मूळ खिळ्यापेक्षा थोडी जाड उमटते. जुने अक्षर ऊबदार दिसते त्यात या पसरलेल्या शाईचा मोठा वाटा आहे.

३. कोणत्या घराण्याचे जाड सेरिफ हवे ते ठरवा

सगळी जाड सेरिफ अक्षरे एका कामाची नसतात. नवख्या माणसाला चार घराणी ओळखता आली तरी पुरे.

पहिले, खूप जाड आणि खूप बारीक यांचा खेळ असलेले. १८ व्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पार्मा येथे बोदोनीने केस-बारीक रेघांची अक्षरे घडवली. १९ व्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओतशाळांनी, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यांनी, त्याच वळणाचे उभे दांडे फुगवून लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिरातींसाठी धष्टपुष्ट अक्षरे काढली. आजच्या संगणकावर अब्रिल फॅटफेस किंवा प्लेफेअर डिस्प्लेचे सर्वांत जाड रूप या वळणाचे आहे. नाटकाच्या नावाला, स्मरणिकेच्या मुखपृष्ठाला हे शोभते. लहान आकारात मात्र बारीक रेघा नाहीशा होतात.

दुसरे, क्लॅरेंडनचे घराणे. १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट ओतशाळेत रॉबर्ट बेस्ली यांनी हा टंक आणला. शब्दकोशासारख्या पुस्तकात साध्या अक्षरांमध्ये एखादा शब्द उठून दिसावा, हे त्याचे काम होते. बारीक रेघाही पुरेशा दणकट आणि सेरिफ वळण घेऊन दांड्यात मिळणारी. फलकासाठी, पाटीसाठी कोणते घेऊ असे मला कोणी विचारले तर मी या घराण्याकडे बोट दाखवते. ऑफिसच्या संगणकावर बहुधा असलेले सेंच्युरी स्कूलबुक आणि बुकमन यांची जाड रूपेही स्वभावाने याच्या जवळची.

तिसरे, चौकोनी सेरिफचे, जसे रॉकवेल. इथे सेरिफ दांड्याएवढेच जाड. कापून काढायच्या अक्षरांसाठी उत्तम, लग्नपत्रिकेसाठी फार रांगडे.

चौथे, गोलसर टोकांचे. कूपर ब्लॅक हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. १९२२ मध्ये शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर ओतशाळेसाठी ऑस्वल्ड कूपर यांनी केले. बेकरी, आइस्क्रीम, मुलांचे शिबिर. देवाच्या नावाला नको.

४. देवनागरी जोडीदार शोधा

खरे काम इथे आहे. आपल्या फलकावर मराठी असते, कोकणीही देवनागरीत असते आणि एखादी ओळ रोमनमध्ये असते. रोमन अक्षर झोकात आणि देवनागरी संगणकात जे होते ते, असे फलक रस्तोरस्ती दिसतात. मला ते पाहवत नाही. देवाचे नाव, गावाचे नाव ज्या लिपीत आहे तिची निवड आधी व्हायला हवी आणि रोमनने तिच्यामागून यायला हवे.

या दोन लिपींचा इथला प्रवास लांबचा आहे. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, तो रोमन खिळे घेऊन. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांची मराठी पद्यरचना रायतूरला छापली गेली तीही रोमन अक्षरांत, कारण देवनागरी खिळेच नव्हते. मराठी छापील अक्षराला भारदस्त वळण मिळाले ते १९ व्या शतकात मुंबईत, जावजी दादाजींच्या निर्णयसागरने ओतलेल्या खिळ्यांमुळे. ‘जुन्या वळणाचे’ म्हणून समितीतली वडीलधारी मंडळी जे मागतात, ते बहुतेक वेळा हेच वळण असते; पोथ्या आणि पंचांगांतून ते त्यांच्या नजरेत बसले आहे.

देवनागरीला रोमनसारखी सेरिफ नसते. वरची शिरोरेषाच ओळ बांधून धरते. म्हणून जोडी जमवताना पट्ट्या शोधू नका, जाड-बारीक रेघांचे प्रमाण जुळवा. त्यातही एक फरक लक्षात असू द्या. बोरूचे टोक ज्या बाजूला तिरके कापतात, ते रोमन लेखणीच्या उलट. जुन्या वळणाच्या रोमनमधला गोल ‘ओ’ डावीकडे वर आणि उजवीकडे खाली बारीक होतो. देवनागरी ‘ठ’चा गोल उजवीकडे वर आणि डावीकडे खाली. दोन्हींचा कल एकाच दिशेने केलेला टंक दिसला तर समजा की देवनागरी रोमनच्या साच्यात कोंबली आहे. असे अक्षर वाचता येते, पण मराठी डोळ्याला ते कुठेतरी खटकत राहते.

एकाच टंककुटुंबात दोन्ही लिप्या मिळाल्या तर नवख्याचे निम्मे काम वाचते. गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्याचे हे टंक आहेत :

- रोझा वन. जाड-बारीकाचा टोकाचा फरक, एकच वजन (वजन म्हणजे जाडीची पायरी; आकडा मोठा तितके अक्षर जाड). मथळ्यासाठीच. नाटकाच्या नावाला फार देखणा.
- एक्झार. ४०० ते ८०० वजनांपर्यंत. टोके धारदार, अंगात जोर. मथळा आणि मजकूर दोन्ही निभावतो.
- मार्टेल. २०० ते ९०० पर्यंत वजने. स्मरणिकेतल्या लेखांसाठी मी हाच सुचवते. सर्वांत जाड रूप उपमथळ्यांना छान.
- व्हेस्पर लिब्रे. ९०० पर्यंत जातो, स्वभाव मवाळ. पत्रिकांसाठी.
- टिरो देवनागरी मराठी. जुन्या खिळ्यांच्या वळणाचा, मराठी अक्षररूपे जपणारा, मजकुरासाठी फार सुंदर. पण याला जाड रूप नाही. पुढची पायरी यासाठी नीट वाचा.

खुल्या परवान्यात टंक व्यवसायासाठी वापरता येतो, पीडीएफमध्ये घालता येतो, छापखान्याला देता येतो. टंकच वेगळा विकता येत नाही. विकतच्या टंकाची फाइल मात्र कुणा मित्राकडून पेनड्राइव्हवर घेऊ नका. देवस्थानाच्या कामाला तरी नकोच.

दोन वेगळे टंक जोडत असाल तर पॉइंटचा आकडा सारखा ठेवून भागत नाही. एका ओळीत दोन्ही लिप्या येत असतील तर पायथा एक ठेवा आणि शिरोरेषा रोमन मोठ्या अक्षरांच्या माथ्यापेक्षा जराशी खाली येईल इतपत देवनागरीचा आकार वाढवा. मग मागे सरून डोळे बारीक करून पाहा. एक लिपी दुसरीपेक्षा काळी दिसत असेल तर वजन बदला.

५. खोट्या जाडपणापासून सावध राहा

नव्या लोकांचा सर्वांत मोठा सापळा हा. टंकाला जाड रूप नसताना तुम्ही सॉफ्टवेअरमधले जाड करायचे बटण दाबले, तर बरीच सॉफ्टवेअर अक्षराला कडेने सूज आणून देतात. रेघ सगळीकडून सारखी वाढते. जाड-बारीकाचे नाते संपते, ‘श’ची गाठ, ‘क्ष’चे पोट, ‘ण’मधली फट बुजते. अक्षराला त्याच रंगाची बाह्यरेघ देऊन जाड करण्याची सवयही डीटीपीच्या दुकानांत सर्रास दिसते. परिणाम तोच.

ओळखायचे कसे? टंकाच्या वजनांची यादी उघडा. त्यात ७००, ८०० किंवा ‘बोल्ड’, ‘ब्लॅक’, ‘हेवी’ असे वेगळे रूप असेल तरच जाड वापरा. नसेल तर मथळ्यासाठी दुसरा टंक घ्या. टिरोचा मजकूर आणि एक्झारचा जाड मथळा हे एकत्र चांगले दिसतात.

असाच दुसरा खोटेपणा म्हणजे देवनागरी तिरकी करणे. आणि तिसरा, अक्षरे दोन्ही बाजूंनी खेचून ओळ भरणे. ओळ भरायची असेल तर शब्द कमीजास्त करा, अक्षराला हात लावू नका.

६. कसोटीची ओळ छापून पाहा

टंक आवडला म्हणून लगेच वापरायला घेऊ नका. आधी ही ओळ त्यात टंकून मोठ्या आकारात छापा :

श्री शांतादुर्गा, म्हार्दोळ, बोडगेश्वर, ब्रह्मकरमळी, दऱ्या, कुऱ्हाड, ज्ञानेश्वर, षष्ठी, महारुद्र, उद्घाटन, वाळपई, लक्ष्मी, १५८९

प्रत्येक शब्द काहीतरी तपासतो. ‘म्हार्दोळ’मध्ये रफार आणि मात्रा एकमेकांवर चढतात का? ‘ब्रह्म’मधला ‘ह्म’ जोडाक्षर म्हणून येतो की हलंत दाखवून मोकळा होतो? ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’मधला अर्धा र हा मराठीचा खास, तो काही टंकांत येतच नाही आणि तिथे रफार होऊन बसतो. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का? ‘ल’ पाकळीचा हवा. काही टंकांत दोन्ही रूपे असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी रूप दिसत नाही. आकड्यांत ५, ८, ९ पाहा, हिंदी वळणाचे आले तर वाचक अडखळतो. जत्रेची तारीख चुकीची वाचली गेली तर लोक वेगळ्या दिवशी येतील.

रोमन ओळीसाठी गोव्यात वेगळी कसोटी लागते. पोर्तुगीज वळणाच्या नावांत अक्षरावर नागमोडी खूण येते, ‘सी’खाली शेपटी येते. साओ, कॉन्सेसांव यांसारखी नावे मूळ लेखनासकट टंकून पाहा. टंकात ती अक्षरे नसतील तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या टंकातून ती उचलते आणि एकाच नावात एक अक्षर परके दिसते. माणसाच्या घराच्या पाटीवर असे होता कामा नये.

७. मांडणी

रोमन मोठ्या अक्षरांची जाड सेरिफ ओळ थोडी मोकळी सोडली की खुलते. देवनागरीत असे कधीही करू नका. अक्षरांमध्ये अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. दोन्ही लिप्या एकदम निवडून अंतराचा आकडा बदलणे ही यातली नेहमीची चूक. प्रत्येक लिपीची चौकट वेगळी ठेवा.

ओळींमधले अंतर देवनागरीला जास्त लागते. मजकुरासाठी अक्षराच्या आकाराच्या १.४ ते १.५ पट धरून सुरुवात करा. मथळा दोन ओळींचा असेल तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी भिडते का ते पाहा. भिडत असेल तर ओळ दुसऱ्या शब्दावर तोडा.

जाड सेरिफ कुठे वापरायचे? नाव, मथळा, तारीख, प्रकरणाचे शीर्षक. कुठे नाही? सलग परिच्छेद, जाहिरातदारांचे पत्ते, कलाकारांची लांब यादी. पानावर सगळेच जाड झाले की काहीच जाड दिसत नाही. स्मरणिकेत अध्यक्षांचे मनोगत जाड अक्षरांत छापायचा आग्रह होतो. तेव्हा त्यांच्या नावालाच जाड करा आणि मनोगत मार्टेलच्या साध्या रूपात, जरा मोठ्या आकारात द्या. वाचायला सोपे पडते आणि मानही राहतो.

८. माध्यमाप्रमाणे बारीक रेघेचा हिशेब करा

समजा तुमच्या टंकात बारीक रेघ अक्षराच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढी आहे. २५ सेंटीमीटरच्या अक्षरात ती सव्वा सेंटीमीटर येते, चिंता नाही. तेच अक्षर व्हिजिटिंग कार्डवर ४ मिलीमीटर उंचीचे केले की रेघ ०.२ मिलीमीटर. मोजपट्टी आणि हा भागाकार, एवढ्यावर पुढचे सगळे ठरते.

ऑफसेटवर आर्ट पेपरला ०.२ मिलीमीटरची काळी रेघ नीट येते. तीच गडद रंगावर पांढरी ठेवली तर चारही बाजूंनी शाई आत सरकते आणि रेघ मिटायला लागते. अशा वेळी एक वजन जाड घ्या किंवा क्लॅरेंडनच्या घराण्यातले अक्षर घ्या. काळी अक्षरे फक्त काळ्या शाईत ठेवा. संगणकातला साधा काळा रंग छपाईसाठी बदलताना चार शायांचा होतो, चार प्लेटा केसभर हलल्या की सेरिफच्या कडेला रंगीत सावली दिसते. फाइल देण्याआधी काळ्याचे प्रमाण १०० आणि बाकी तिन्ही शून्य आहेत का ते पाहा.

टी-शर्ट किंवा कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग असेल तर ०.३५ मिलीमीटरपेक्षा बारीक रेघ नको. कापडाच्या विणीत शाई पसरते. पत्रिकेवर सोनेरी वर्ख ठोकायचा असेल तर रोझा वनसारखे अक्षर मोठ्या आकारातच घ्या. लहान आकारात बारीक रेघ तुटक उमटते.

व्हिनाइल कापून चिकटवलेल्या पाटीची गोष्ट वेगळी. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि किनाऱ्याला खारी हवा. सोलायला सुरुवात होते ती टोकदार सेरिफपासून. बाहेरच्या पाटीला चौकोनी किंवा गोलसर टोकांचे अक्षर घ्या. लाकूड किंवा ॲक्रिलिक मशीनवर कोरायचे असेल तर कारागिराला कापणीच्या दात्याची जाडी विचारा. ३ मिलीमीटरचा दाता आतला कोपरा टोकदार करू शकत नाही, तो गोलच होतो. एलईडीची उठावाची अक्षरे करायची तर रेघेच्या पोटात दिवे बसण्याएवढी रुंदी लागते, तिथे बोदोनी वळणाचे नाव काढू नका.

चिऱ्याच्या भिंतीवर थेट रंगवायचे असेल तर आधी तेवढा भाग गिलावा करून सपाट करून घ्या. चिऱ्याच्या भोकांत बारीक रेघ हरवते. हाताने रंगवणारा चांगला पेंटर मिळाला तर त्याला पूर्ण मापाची छापील प्रत द्या. कागदावर अक्षराच्या कडेने भोके पाडून त्यावरून गेरूची पूड फिरवली की भिंतीवर खुणा उमटतात. पण टोके आणि वळणे त्याच्या हातावर सोडा. ब्रशचे सेरिफ ब्रशसारखेच दिसले पाहिजे.

९. छापखान्यात फाइल देताना

छापखान्यातल्या संगणकावर तुमचा टंक नसतो आणि मांडणीच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती युनिकोड देवनागरी नीट मांडत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरे फुटतात. इनडिझाइनमध्ये काम करत असाल तर परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडलेला आहे याची खात्री करा. मग :

- मूळ फाइल जपून ठेवा आणि तिच्या प्रतीतच अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे साध्या आकृत्यांत रूपांतर करा, मग टंक नसला तरी ती तशीच दिसतात. कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मुद्रितशोधन त्याआधी.
- कर्व्ह केल्यावर पुन्हा एकदा पूर्ण वाचा. एकावर एक आलेल्या रेघा कापल्या जाऊन मध्ये पांढरी फट पडलेली असू शकते, विशेषतः शिरोरेषा आणि काना जिथे मिळतात तिथे.
- पीडीएफ टंक अंतर्भूत करून द्या. छापील कामासाठी चित्रे ३०० डीपीआय. मोठ्या फ्लेक्ससाठी पूर्ण मापात ७२ ते १०० पुरतात. अक्षरे मात्र चित्र करून कधीच देऊ नका, त्यांच्या कडा विरतात.
- व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या.

छापण्याआधी ‘प्रूफ दाखवा’ असे स्पष्ट सांगा आणि ते पडद्यावर न पाहता कागदावर पाहा. फ्लेक्सचा प्रूफ मिळत नसेल तर मथळ्यातल्या एका शब्दाचा पूर्ण मापाचा तुकडा छापून मागा. तो भिंतीला लावून ठरवलेल्या अंतरावरून वाचा, एकदा दुपारच्या उन्हात आणि एकदा संध्याकाळी, कारण जत्रेचे आणि नाटकाचे लोक रात्रीच येतात. देवळासमोरच्या हॅलोजनखाली पिवळ्यावर लाल अक्षर दुपारसारखे दिसत नाही.

प्रूफवर सही करायला समितीतला एकच माणूस ठरवा. तिघांनी तीन दुरुस्त्या तोंडी सांगितल्या की छापखान्याचा माणूस चौथीच करतो.

१०. पुढच्या वर्षासाठी

काम झाले की एक फोल्डर करा : मूळ फाइल, कर्व्ह केलेली फाइल, टंक, परवाना, मंजूर प्रूफचा स्कॅन. सोबत साध्या मजकुराची एक फाइल ठेवा आणि तिच्यात टंकाचे नाव, वजन, मथळ्याचे माप, रंगांचे आकडे, कागद आणि फलक लागला त्या जागेची मापे लिहा. समिती बदलते, संगणक बदलतो. नव्या खजिनदाराकडे हा फोल्डर गेला तर देवस्थानाचे नाव दरवर्षी त्याच अक्षरात छापले जाईल. एक प्रत देवस्थानाच्या ईमेलवर आणि एक कार्यालयातल्या कपाटात, पावतीपुस्तकांच्या शेजारी ठेवा.